कुणी खाऊ नये असं पाकीट

ग्रॅमकाकूंच्या हाताला चव नाही, असं कुणी म्हटलं की काकू खूश व्हायच्या. बाकी कशानं त्या खूश झालेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर, आणि नाकही चांगलं लांब, त्यामुळे तो रस्त्याच्या पलीकडूनच दिसायचा.

तंबू, चटया, पाठीवरच्या सॅक भाड्यानं देणारं आणि शनिवार-रविवार लोकांना डोंगरावर एका रात्रीच्या मुक्कामाला नेणारं एक दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत काकू एकोणीस वर्षं शिधा बांधत होत्या. खोलीत एक खिडकी, एक लांब टेबल, वजनकाटा आणि पिशव्यांची तोंडं चिकटवायचं यंत्र. माणशी तांदूळ नव्वद ग्रॅम, डाळ चाळीस, साखर तीस, चहा पाच. पाच म्हणजे पाचच. काट्यावर सहा दिसले की काकू चिमटीनं एक ग्रॅम काढून घ्यायच्या. त्यावरून नाव पडलं ग्रॅमकाकू. खरं नाव पगार घेतानाच लागायचं.

सॅक भरायची त्यांची पद्धत ठरलेली. जे शेवटी लागणार ते तळाशी, जे आधी लागणार ते वर. सकाळचा चहा चुकून तळाशी गेला तर थंडीत कुडकुडणारी माणसं एकमेकांचे गळे धरतात, असं त्यांचं म्हणणं. आणि सगळ्यांच्या खाली, अगदी बुडाशी, प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक राखीव पाकीट. अडीचशे ग्रॅम. भाजलेलं डाळीचं पीठ, ओट्सचा भुगा, दुधाची पावडर, चिमूटभर मीठ. साखरेचा कण नाही. पाण्यात कालवलं की भिंतीला लावायचा लगदा झालाच म्हणून समजा.

हे मुद्दाम होतं. पहिल्या वर्षी काकूंनी हौसेनं राखीव पाकिटात खजूर, बदाम, गुळाचे तुकडे भरले होते. लोकांनी पहिल्याच टेकडीवर बसून ते फस्त केले, आणि परतीच्या वाटेवर रस्ता चुकला तेव्हा सगळे दीड दिवस उपाशी फिरले. थोरल्या मालकांनी काकूंना समोर बसवून सांगितलं, बाई, असं काहीतरी कर की जीव जायची वेळ आल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. काकूंनी डोकं लावलं, सात-आठ वेळा चव घेतली, दर वेळी थोडं बरं लागणारं काहीतरी काढून टाकलं, आणि शेवटी घास घशाखाली उतरेना तेव्हा म्हणाल्या, जमलं. तेव्हापासून दर सोमवारी पाकिटं जशीच्या तशी परत यायची. काकू ती मोजून फळीवर लावायच्या. परत आलेलं पाकीट म्हणजे सुखरूप परत आलेला माणूस, इतका साधा हिशोब.

थोरले मालक गुडघ्यांनी घरी बसले आणि गल्ल्यावर धाकटे मालक आले. ह्यांचं शेंबडं नाक काकूंनी पदरानं पुसलेलं. आता ते नाक वर करून ग्राहकांचे शेरे वाचायचे. एका गुरुवारी ते मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, की लोकांची तक्रार आहे. पाव किलोचं ओझं दोन दिवस वाहायचं आणि उघडलं तर भुसा. शंभरातली शंभर पाकिटं परत येतात, म्हणजे आपलं चुकतंय, नाही का? ह्या वेळेपासून त्याऐवजी चॉकलेटच्या दोन-दोन वड्या. वजन निम्म्याहून कमी आणि लोक खूश.

"परत येतात म्हणूनच ती बरोबर आहेत, बाळा," काकू म्हणाल्या.

बाळा म्हटलेलं धाकट्या मालकांना झोंबलं. नोकरासमोर मालकाला जसं झोंबतं तसं. ते म्हणाले, की काकूंनी आता काळाप्रमाणे बदलायला शिकावं, आणि नसेल जमत तर तसं सांगावं. एकोणीस वर्षं! काकूंच्या कानशिलांत रक्त चढलं. त्यांच्या हातात पिठाचा डाव होता, तो त्यांनी टेबलावर असा ठेवला की वजनकाट्याचा आकडा हलला.

घरी गेल्यावर निदान लेक तरी बाजू घेईल असं त्यांना वाटलं होतं. काकूंचा नवरा दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून बसला होता, त्याला वीस वर्षं झाली. ह्या पोरीला काकूंनी ह्याच दुकानाच्या जिवावर वाढवलं होतं. आणि गंमत बघा, पोरगी शिकून-सवरून त्याच दुकानात वाटाडी म्हणून लागली. ह्या शनिवारी ती पहिल्यांदाच सगळ्यांच्या मागून चालणार होती. मागून चालायचं म्हणजे जो दमेल, लंगडेल, रडेल तो तुमच्या पदरात. काकूंनी भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. पोरगी बूट पुसत होती. म्हणाली, "आई, खरं सांगू? ते खरंच कुणी खात नाही. आणि तुझं एकदा ठरलं की ब्रह्मदेव आला तरी तू ऐकत नाहीस."

झालं. बाहेरचा मारतो ते सोसतं, घरचं माणूस बोट लावतं ते लागतं. काकूंनी चिरलेली भाजी तशीच टाकली आणि न जेवता पाठ फिरवून पडल्या.

शुक्रवारी त्यांनी शिधा बांधला. दहा ग्राहक आणि दोन वाटाडे, बारा सॅक. राखीव पाकिटं बुधवारीच भरून तयार होती. धाकट्या मालकांनी चॉकलेटचा खोका आणून टेबलावर ठेवला. आता, काकूंना काय अवघड होतं? बारा पाकिटं गुपचूप बुडाशी सारून वर तंबूची दोरी ठेवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांच्या मनात आलंही. एक पाकीट उचलून त्यांनी लेकीच्या सॅकमध्ये अर्ध्यापर्यंत नेलं. आणि मग कालचं ते बोलणं आठवलं. ऐकत नाही काय मी? बरं. आता ऐकते. सगळ्यांचं ऐकते.

त्यांनी पाकीट बाहेर काढलं. बारा सॅकमध्ये चोवीस वड्या मोजून टाकल्या, मालकांनी सांगितलं तशा, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आणि ती बारा पाकिटं दारासमोरच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवली, येणाऱ्याच्या डोळ्यांत खुपावीत अशी. होऊ दे ह्यांची एकदा फजिती, कळू दे भुशाची किंमत, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.

शनिवारी साडेदहाला धाकटे मालक फोन नाचवत आत आले. पहिल्या टेकडीवरून फोटो आला होता. मंडळी दगडांवर बसून वड्या खात होती, कुणाच्या ओठांना चॉकलेट लागलेलं, मागे काकूंची लेक हसत उभी. "बघा काकू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपलं राखीव पाकीट लोकांना आवडलं."

काकूंनी फोटो पाहिला. चोवीस वड्या पहिल्याच टेकडीवर संपल्या होत्या, आणि पुढे फोनला रेंज नव्हती. पण मान ताठ, तोंडातून निघालं एवढंच, "छान."

रविवारी सहाला गाडी यायची होती. आली नाही. सात वाजता खालच्या गावातून समजलं की डोंगरावर दुपारपासून असं धुकं उतरलंय की आपला हात आपल्याला दिसत नाही, आणि मंडळी मधेच कुठेतरी अडकून बसली आहेत. धाकट्या मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते काकूंना म्हणाले, की घरी जा. काकूंनी ऐकलं नाही. त्या मागच्या खोलीत स्टुलावर बसून राहिल्या. समोर फळी, फळीवर बारा पाकिटं. कुणाला शिव्या द्याव्यात ते त्या ठरवत होत्या. मालकाला देऊन झाल्या, धुक्याला देऊन झाल्या, पळून गेलेल्या नवऱ्यालाही वाटेत दोन हासडून झाल्या. तरी राग संपेना, आणि जायला त्याला जागा उरेना.

सोमवारी दुपारी गाडी आली. सगळे जिवंत होते, एवढं आधी सांगते. साठीच्या एका बाईंना पहाटे चक्कर आली होती, त्यांना परस्पर दवाखान्यात नेलं होतं. बाकीचे ओठ सुकलेले, गालफडं बसलेली, दुकानाच्या पायरीवरच मटकन बसले. धाकटे मालक हात जोडत ह्याच्याकडून त्याच्याकडे पळत होते.

पोरगी मात्र सरळ मागच्या खोलीत आली. तिच्या मुठींना माती, नखं तुटलेली. काकूंच्या तोंडाशी एकोणीस वर्षांचं सगळं आलं होतं. सांगत नव्हते का मी, इथपासून सुरुवात होणार होती.

पोरीची नजर फळीवर गेली. तिनं पाकिटं मोजली. ओठ हलले तिचे, बारापर्यंत.

"मी त्यांना सांगितलं होतं, घाबरू नका," ती म्हणाली. "म्हटलं, माझी आई कुणाचं ऐकायची नाही. तिनं गुपचूप घातलीच असणार. अंधारात बारा सॅक उपसल्या मी, आई. पार तळापर्यंत. त्या बाईंची तर तीनदा."



पोरीनं फळीवरचं पहिलं पाकीट घेतलं, दातांनी फाडलं, आणि पाणीही न घालता पीठ मुठीनं तोंडात कोंबायला लागली. तिला ठसका लागला. काकू पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या, तर तिनं तो त्यांच्या हातून घेतला नाही, टेबलावरचा दुसरा घेतला. पाकीट संपल्यावर तिनं रिकामी पिशवी वजनकाट्यावर ठेवली आणि तोंड पुसत बाहेरच्या माणसांकडे गेली.

उरलेली अकरा काकूंनी स्वतः बाहेर नेली. कुणी चव कशी आहे म्हणून तक्रार केली नाही.