फोटोवरून दिलेलं औषध

आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील कामगार चळवळीतले, त्यामुळे इंदिरानगरच्या दोन खोल्यांत जेवायला बसायचं तर आधी गठ्ठे उचलावे लागत. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरूनच. छापलेल्या कागदाबद्दल मला फार आदर होता. नव्वदीच्या अखेरीस देवळ्याच्या मामीने तो घालवला.

मामा दारू प्यायचा. एकदा मामी नाशिकला आली ती बसस्टँडवर मिळालेलं गुलाबी पत्रक घेऊन. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा. रुग्णाला आणण्याची गरज नाही, फोटो पुरेसा.’

“फोटोवरून?” मी म्हटलं. “ताप तरी फोटोवरून कळतो का?”

“छापेल हाय ना. तुमच्याच घरात छापेल कागदाला देव मानत्यात.”

वडील हसले. मला हसू आलं नाही. ती एकटी जाईल म्हणून मी सोबत गेले.

स्टँडजवळच्या एका लॉजच्या खोलीत ते औषध देणारा माणूस बसायचा. मामाचा लग्नातला सोडून दुसरा फोटोच नव्हता, तोच मामीने पुढे केला. मुंडावळ्या बांधलेल्या, तेव्हा दारूचा थेंबही न चाखलेल्या त्या पोराकडे पाहून तो गंभीरपणे म्हणाला, “लिव्हरला सूज आहे,” आणि त्याने कागदाच्या काही पुड्या पुढे सरकवल्या.

“पुडीत काय आहे?” मी विचारलं.

“जडीबुटी.”

“कोणती?”

“ताई, शंका घेतली की औषध लागू पडत नाही.” मग तो मामीकडे वळला. “चहातून द्यायचं. कुणाला सांगायचं नाही, डॉक्टरला तर नाहीच. बोललं की गुण गेला.”

लॉजच्या जिन्यात मी मामीशी भांडले. पुड्या पदरात बांधून ती उतरत राहिली.

पुढचं मला नंतर कळलं. मामाला एकट्याने चहा प्यायची सवय नव्हती. ओट्यावर शेजारच्या घरातला माणूस येऊन बसायचा आणि मामा त्याला बशीत अर्धा चहा ओतून द्यायचा. म्हणजे अर्धं औषध शेजाऱ्याच्या पोटात. कधी दारूला न शिवलेल्या त्या माणसाला काही झालं नाही, त्यामुळे मामीचा धीर वाढला. तिने पुड्या दुप्पट केल्या. मग शेजारी गावाला गेला. मामाने सगळा चहा स्वतः संपवला आणि गुत्त्यावर जाऊन प्याला.

जीपमधून त्याला नाशिकच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मी तिथे पोचले. चेहरा लालबुंद, उलट्या थांबेनात, रक्तदाब उतरत चाललेला. डॉक्टरांनी विचारलं, “दारूशिवाय काही घेतलंय?”

“काही नाय,” मामी म्हणाली.

मी तिचा दंड धरला. “मामी, सांग.”

“गुण जाईल.”

“माणूस जाईल.”

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं, पण पदराची गाठ सोडली. डॉक्टरांनी पुडी उलटसुलट केली. तिच्यावर नाव नव्हतं, काही लिहिलेलं नव्हतं. “यात काय असेल देव जाणे. दारूवर घेतलं तर जिवावर बेतेल असंही औषध असू शकतं,” ते म्हणाले आणि कामाला लागले.

सकाळपर्यंत मामा सावरला. मला मात्र चीड आवरेना. नाव नसलेलं औषध घेऊ नये आणि माणूस न पाहता उपचार करणाऱ्याच्या दारात उभं राहू नये, हे सांगायला काय पुस्तकं लागतात? आणि ‘रुग्णाच्या नकळत’ वाचून सगळ्या घराला बरं का वाटावं? लॉजमधल्या त्या माणसाने आमची नस ओळखली होती. मामाशी दारूबद्दल सरळ बोलणं आम्हा सगळ्यांनाच टाळायचं होतं.

राउंडला आल्यावर डॉक्टरांनी मामाला विचारलं, “दारू सोडायची आहे का?”

“सोडायचीच हाय त्यांना,” मामी म्हणाली.

“मी त्यांना विचारतोय.”

मामाने तोंड भिंतीकडे फिरवलं. “आज नका इचारू. उद्या इचारा.”

मामी वैतागली. मीही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच पुन्हा विचारलं. मामा उठून बसला होता.

“सोडायची हाय,” तो म्हणाला. “पण औषध काय देणार ते मला सांगा. हिला नको.”