माझ्या गाडीला इक्बालचा दिवा

इक्बाल गेल्याची बातमी आधी सईच्या फोनवर आली. सई माझी मुलगी. इक्बाल मुजावर माझा मित्र, सांगलीला इंजिनीअरिंग करताना आम्ही एका खोलीत राहिलो तेव्हापासूनचा. सकाळी मी नोएडाच्या घरी दाढी करत होतो, माझा फोन बेसिनच्या कडेला होता, चांगला पूर्ण चार्ज केलेला, आणि आतल्या खोलीत तिचा वाजला. रेहानावहिनींनी, म्हणजे इक्बालच्या बायकोने, फरीदाबादहून तिला कळवलं आणि तिने येऊन मला. झोपेतच गेला होता. ‘बाबा, काका गेले,’ एवढंच ती म्हणाली आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसली. अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं? माझ्या मनात आलं, मला का नाही केला फोन? मित्रावरच्या लेखात असलं काही लिहीत नाहीत, ठाऊक आहे. पण इक्बालबद्दल लिहायचं आणि माझा हेवा वगळायचा, तर लिहायला फारसं उरत नाही.

हा हेवा जुना आहे. मार्क मला जास्त पडायचे, हे इथे नमूद करून ठेवतो. पण आमच्या खोलीचं दार वाजायचं ते त्याच्यासाठी. कुणाचा टेपरेकॉर्डर, कुणाची इस्त्री, कुणाच्या शेगडीची तुटलेली कॉइल. दार मी उघडायचो, ‘इक्बाल आहे?’ असा प्रश्न यायचा, आणि नाही म्हटलं की ती वस्तू माझ्या हातात ठेवून माणूस चालू लागायचा. जणू मी त्याचा कारकूनच. इक्बाल मिरजेचा. हातातली वस्तू कानाजवळ नेऊन जरा हलवायचा, मग मांडीवर घेऊन उघडायचा, आणि उघडताना तिच्याशी गप्पा मारायचा. ‘काय झालं तुला? कुणी आपटलं?’ माझ्याशी तो इतक्या मायेने कधी बोलल्याचं आठवत नाही. पुढे मी एमबीए केलं आणि गुरुग्रामच्या एका कंपनीत माणसांच्या मुलाखती घेऊ लागलो. तो फरीदाबादला गाड्यांच्या वायरिंगचा कारखाना सांभाळू लागला. दिल्लीकडे आधी मी आलो होतो. इथला रस्ता मी त्याला दाखवला, हेही नमूद असावं.

मग सई झाली, आणि इक्बाल रविवारी आमच्याकडे येऊ लागला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याचा जीव हिच्यावर, असं सगळे म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. दहा मुलं असती तरी त्याने माझी मुलगी आपलीशी केलीच असती. नोएडात वाढलेल्या मुलीचं मराठी टिकावं म्हणून मी काय नाही केलं! जेवताना हिंदी बंद, आजीशी रोज फोन, चुकलेला शब्द तिथल्या तिथे दुरुस्त. परिणाम एवढाच, की ती माझ्याशी कमी बोलू लागली. इक्बालने एक शब्द दुरुस्त केला नाही, आणि वर्षभरात माझी मुलगी ‘असू दे की’, ‘बघ की जरा’, ‘कुठं निघालास?’ असं मिरजेच्या हेलात बोलायला लागली. पुण्याहून माझ्या आईने फोनवर विचारलं, ‘अरे माधव, ही कुठे शिकली असं बोलायला?’ काय सांगणार! नीता, माझी बायको, हसत सुटायची. ‘तुझीच मुलगी आहे रे, पळवून नेत नाहीये तो.’ नीताला हे विनोदी वाटायचं. तिला सई सगळं सांगायची ना.

दिव्याचा प्रसंग गेल्या वर्षीच्या थंडीआधीचा. पुण्याहून आणलेली माझी मोटरसायकल, अजून पुण्याच्याच नंबरची, सई नव्या नोकरीवर जायला वापरू लागली होती. गाडीचा दिवा म्हणजे समईच. सेक्टरच्या मागच्या रस्त्यावर संध्याकाळी म्हशी बसतात, त्या दिसायच्या नाहीत, वास यायचा. सई एकदा तक्रारीच्या सुरात बोलली आणि मी ठरवलं, या वेळी आपण. कुणाला न सांगता ऑनलाइन एलईडी बल्ब मागवला, व्हिडिओ बघितले, सकाळी लवकर उठून हेडलाइट उघडला आणि बसवला सुद्धा. लागला! पांढराशुभ्र. मी अख्खा दिवस ऑफिसात खुशीत होतो. संध्याकाळी सई आली ती म्हणाली, ‘बाबा यार, डिस्को झालाय त्याचा.’ गाडी हळू झाली की दिवा फडफडायचा, ॲक्सिलरेटर पिळला की भडकायचा, आणि आठवड्याच्या आतच तो कायमचा विझला. मी कंपनीला शिव्या घालत दुसरा मागवणार, तेवढ्यात कळलं, की सईने इक्बालला केव्हाच फोन केलाय आणि तो रविवारी येतोय.

तो आला, बल्ब कानाजवळ हलवून बघितला, आणि हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मला नव्हे, सईला समजावलं त्याने. जुन्या गाडीत हेडलाइटची वीज बॅटरीतून येत नाही, थेट इंजिनमधल्या कॉइलमधून येते, म्हणून इंजिनबरोबर चढते-उतरते. जुन्या बल्बला ते चालायचं, एलईडीला नाही चालत. तेव्हा बल्ब बदलून भागायचं नाही. कॉइलची सगळी वीज आधी बॅटरीत न्यायची आणि दिवा बॅटरीवर घ्यायचा. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये त्यांनी जुनी चादर पसरली. सोसायटीचा गार्ड आला, ‘यहाँ रिपेयरिंग अलाउड नहीं है, भाईसाहब.’ मी काही बोलायच्या आत इक्बालने त्याला त्याच्या सायकलच्या डायनॅमोबद्दल काहीतरी विचारलं आणि तो उकिडवा बसलाच. अजूनही तो गार्ड मला ओळखतो ते ‘मुजावर साहब के दोस्त’ म्हणून. घर माझं, मेंटेनन्स भरतो मी!

सई वायरी सोलत होती, जोड सोल्डरिंगचा डाख देऊन पक्के करत होती, वर काळी नळी चढवून ती लायटरने आवळत होती. हे सगळं तिला कधी आलं? एक जोड तिने नुसता पिळून टेप गुंडाळली, तर इक्बाल म्हणाला, ‘ह्याला जोड म्हणत न्हाईत, ह्याला समजूत घालणं म्हणतात. सोड ते.’ तिने मुकाट्याने सोडलं आणि पुन्हा केलं. मी ‘सोड’ म्हटलं असतं तर? दुपारभर वाद झाला असता. माझ्याकडे टॉर्च होता. ‘बाबा, टॉर्च हलतोय,’ असं ती दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा तिने तो घेऊन खांबाच्या खिळ्याला अडकवला. मग मी वर जाऊन चहा आणला. इक्बालने निवडलेला दिवा किंचित पिवळसर होता. पांढरा घेतला तर इथल्या धुक्यात समोर भिंत उभी राहते, म्हणे. तेही तो सईलाच सांगत होता. मी पेले धरून उभा.

शेवटी प्रकाशझोत लावायचा राहिला. नुसता तेजस्वी दिवा म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत मिरची. गाडी भिंतीपासून लांब उभी केली, भिंतीवर खडूने रेघ मारली, आणि इक्बालने हाक मारली, ‘माधव, ये. वजन पाहिजे.’ सीटवर माणूस बसला, की मागची बाजू दबते आणि झोत वर जातो, म्हणून चालवणारा बसलेला असतानाच तो लावायचा असतो. माझा उपयोग निघाला! मी ऐटीत बसलो, पाठ ताठ केली. तो खाली स्क्रू फिरवू लागला आणि एकदम थांबला. ‘पण गाडी चालवणार कोण?’

‘मी,’ सई म्हणाली.

‘मग उतर की, माधव.’

उतरलो. माझी गाडी, माझ्या पगाराची, जिच्यावरून मी नीताला फिरवलं होतं. ती बसली, झोत खाली आला, तो रेघेवर नेमका टेकला, आणि दोघं असे खूश झाले की बस्स. मीही टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्या होत्या, मुलगी रात्रीबेरात्री सुखरूप घरी येणार होती. पण आत जी जळजळ झाली ती चहाची नव्हती.

...तो गेला त्या दिवशी फरीदाबादच्या कब्रस्तानात मी होतो. बायका तिथे जात नाहीत, सई रेहानावहिनींजवळ घरी थांबली. इतरांचं बघून मीही मूठ मूठ माती टाकली. ओली होती, नखांत राहिली. परत आलो तर ती जिन्यातच उभी होती. ‘कुठं ठेवलं? झाड आहे का तिथं?’ मी सांगितलं, कडुलिंब आहे, सावली असते. ती माझ्या हातांकडे बघत होती. इक्बालचं काहीतरी माझ्याकडे होतं आणि तिच्याकडे नव्हतं, असं आयुष्यात तेव्हाच झालं, आणि मला त्याचं काडीचंही सुख झालं नाही.

त्यानंतरचे आठवडे मला फार जड गेले. सई रडली नाही. म्हणजे आमच्यासमोर नाही. रविवारी मेट्रोने फरीदाबादला जायची, वहिनींबरोबर दिवसभर असायची, डोळे सुजवून परत यायची आणि ‘ठीक आहे मी’ म्हणून खोलीचं दार लावून घ्यायची. मी दाराशी उभा राहून ‘खिचडी करू?’ विचारायचो. नको. माझाही मित्र गेला होता ना! आम्ही दोघं एकाच माणसासाठी, एकाच घरात, वेगवेगळे कुढत होतो, आणि तिला रडायला माझा खांदा नको होता. मेलेल्या माणसाचा इतका हेवा करणारा दुसरा बाप असेल का, ठाऊक नाही. मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडायचो. निदान जाताना तरी तिला माझ्याकडे सोपवून जायचंस, लेका.

आता सईची नोकरी गुरुग्रामला आहे, ती कॅबने जाते. गाडी माझ्याकडे आली. थंडी पडू लागली तशी मी ती संध्याकाळी भाजी आणायला काढली, तर समोरून येणारा प्रत्येक जण मला दिवे मारू लागला. एकाने तर खिडकीतून हात काढून ‘अंकल, लाइट नीचे!’ असं ओरडून सांगितलं. घरी येऊन मी चिडून हे सांगितलं. सई ताटावरून उठली, हात धुतले आणि म्हणाली, ‘माझ्या वजनाला लावलाय तो. चल खाली.’

बेसमेंट यंदा रंगवलंय, रेघ उरलेली नाही. तिने मोजून नवी मारली. गाडी तिथेच उभी केली, किल्ली फिरवली. झोत रेघेच्या जरा खाली पडला. ‘बस की बाबा. नीट बस, सगळं वजन टाक.’ मी बसलो, तसा झोत रेघेच्या वर, पार छताच्या पाइपांकडे गेला. ती पुढे, हेडलाइटखाली, गुडघ्यांवर बसली आणि स्क्रू फिरवू लागली. थोडं फिरवायची, मान वळवून भिंत बघायची, पुन्हा थोडं. दिव्याशी काहीतरी पुटपुटत होती, मला ऐकू येत नव्हतं. झोत उतरत उतरत रेघेवर आला. आला, तरी ती उठली नाही. तिचे खांदे हलताना दिसले. मग आवाज फुटला, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तसा, मोठ्याने, त्या रिकाम्या बेसमेंटमध्ये घुमणारा. मी गाडीवरून पाय काढायला लागलो तशी ती न बघताच म्हणाली, ‘उतरू नको. हलेल.’

इक्बालसाठी रडत होती ती, ते मला कळत होतं. मी हँडल घट्ट धरून, सगळं वजन टाकून बसून राहिलो. स्क्रू अजून घट्ट करायचा होता.

ती उतर म्हणाली नाही. मीही उतरलो नाही.