ओवीतली हजरी

पुस्तकातल्या धड्याखाली एक ओळ छापलेली असायची : ‘स्वतः कविता करून पाहा.’ सगळे मास्तर ती ओळ गाळून पुढं जायचे. मी नवीन होते, तोंडाची फटकळ आणि डोक्यानं त्याहून हट्टी. पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली मुलगी वालूरच्या पुढं एका खेड्यात चौथीच्या वर्गावर आली होती. मी म्हटलं, करून पाहा म्हणतात ना, मग पाहूच.

“बाई, कविता मेलेली माणसं करतेत,” एक पोरगं म्हणालं.

त्याचं काय चुकलं? पुस्तकातले सगळे कवी खरंच मेलेले होते. मी ठरवलं, पुस्तक मिटायचं आणि घरात जे आहे त्यातूनच सुरू करायचं.

आधी कोडं. दोन ओळी, शेवट जुळलेले, वस्तूचं नाव घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं आणलं : ‘थापट्या खाऊन मोठी झाली, विस्तव पाहून फुगून गेली.’ भाकर! मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला. ते बिचारं आपलं काय चुकलं ते शोधत बसलं.

मग ओवी. तीन ओळींचे शेवट जुळवायचे, चौथी आखूड, मोकळी सोडायची. घरी आया जात्यावर म्हणतात, ते ऐका आणि तशी करा, असं सांगितलं. सकाळी पोरं ओव्या घेऊन आली आणि मी कपाळाला हात लावला. वर्गातला सगळ्यात दांडगा गडी उभा राहिला आणि आपल्या माहेराच्या वाटेसाठी डोळ्यांतून पाणी काढू लागला. दुसऱ्याची सासू खाष्ट होती. तिसऱ्याला दिवाळीला भाऊ न्यायला येत नव्हता.

“अरे बाबा, तुझं माहेर कुठलं?”

“ओवीत माहेर असतंच की बाई,” तो म्हणाला.

हसून हसून पुरेवाट झाली. मग मी नियम केला : जो जे काम करतो, त्यानं त्याचीच ओवी करायची. शेण काढणाऱ्यानं शेणाची, शेरडं राखणाऱ्यानं शेरडांची. त्यानंतर मात्र वर्गाला चेव चढला. त्यात एक पोरगी सगळ्यांच्या पुढं. बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायची आणि ओळ बसली नाही तर जेवायच्या सुट्टीतही उठायची नाही.

दिवाळी झाली आणि उसाला जाणाऱ्या गाड्या भरायला लागल्या. त्या पोरीचे आईबाप दरसाल तोडणीला जायचे, दीड-दोन वर्षांच्या भावाला सांभाळायला ती सोबत. हेडमास्तर जुन्या अमदानीत उर्दूत शिकलेले. ते म्हणाले, “उसाची पोरं पटावरून खारीज करा, बाई. दरसालचंच हाय हे.” मी भांडले, पण नियम त्यांच्या बाजूनं होता. मी तशीच गाडीपाशी गेले आणि तिला म्हटलं, “पाटी नेऊ नको, फुटंल. एक ओवी कर, तोंडात ठेव आणि वापस आल्यावर मला दे.” तिनं मान हलवली. गाडी गेली तेव्हा मला माझाच राग आला. ओवी देऊन काय होतं, असं वाटलं.

पाडव्याच्या सुमाराला ती आली. काळवंडलेली, हातावर पाचटानं कापल्याच्या रेघा. हेडमास्तर म्हणाले, “इम्तिहानाला बसवायची न्हाई. हिला पुन्हा चौथीतच ठिवा.”

“आत्ता इथंच बघा तिला काय येतं ते,” मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच.

त्यांनी तिच्या हातात खडू दिला. “लिव, काय येतं ते.”

ती फळ्यापुढं नुसती उभी. अक्षरं विसरली असेल तर सगळं संपलं, असं मला वाटलं. तिची बोटं पेरांवर फिरली, ओठ हलले आणि मग तिनं लिहायला सुरुवात केली.

*पहाटंच्या पारी*
*कोयता चाले सरी सरी*
*माझी शाळंत हजरी*
*कोण देई?*

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कोण देणार?” ते हळूच म्हणाले. “आपणच तर खारीज केली.” मग माझ्याकडं न बघता, “बसवा इम्तिहानाला.”

ती काठावर पास झाली. मी पेढे वाटायच्या बेतात, तर ती म्हणाली, “पाचवीला दिवाळीपस्तोरच येते बाई. मग पुन्हा उसाला.”

माझं डोकंच फिरलं. ह्यासाठी का केला होता एवढा आटापिटा? तडक तिच्या घरी गेले. आई अंगण सारवत होती.

“तिला मागं ठिवलं तर बारक्याला कोण बघंल? मी फडात असते,” आई म्हणाली.

“त्यालाही मागं ठेवा. चुलती आहे ना?”

“ती दिवसभर रोजानं जाते.”

“मग दिवसभर तो शाळेत येईल.”

“शाळंत? त्याला चड्डीची सुद न्हाई बाई!”

“मला आहे.”

ती काही लगेच हो म्हणाली नाही. मी पोळ्याला गेले, दसऱ्याला सोनं द्यायला गेले आणि मधल्या बाजारच्या दिवशीही जाऊन बसले. शेवटी ती म्हणाली, “लय चिवट हायत तुमी.” गाडी निघताना तिनं पोराला माझ्या कडेवर दिलं आणि “दोघं तुमच्या हवाली” एवढंच म्हणून ती बैलांपुढं चालायला लागली. पोर रडून रडून निळं झालं. ती मागं वळली नाही. वळली असती तर गेली नसती, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाचवीची हजरी मी हेडमास्तरांकडून मागून घेतली. तिचं नाव आलं तेव्हा मी ते जरा मोठ्यानंच पुकारलं.

“हजर, बाई!”

माझ्या मांडीवरचं पोरही ओरडलं, “हजल!”

हेडमास्तर दारात उभे. “ही शाळा हाय का बालवाडी? हे कुठल्या वर्गात?”

“माझ्या,” मी म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं.