हळदीच्या अंगणात आई

माझे वडील चर्चचे पाळक होते. त्यामुळे आमच्या घरात भक्तिगीतं तेवढी आपली आणि उरलेली सगळी ‘बाहेरची गाणी’. आईनं ही रेघ ओलांडलेली मी कधी पाहिली नव्हती. काल मात्र शेजारच्या हळदीत कुणीतरी ढोलकीवर लावणीचा ठेका धरला आणि माझ्याजवळ बसलेल्या आईची मान डोलू लागली. गाणाऱ्या मुलीला दुसरं कडवं आठवेना, तेव्हा सत्तरी ओलांडलेली माझी आई सरळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ते गायली! टाळ्या काय, शिट्ट्या काय, अंगण नुसतं दणाणून गेलं!

“आई, तुला लावणी येते?”

“लग्नाआधी तमाशाच्या तंबूमागं उभी राहून ऐकायचे,” ती लाजून हसली. मग हळूच म्हणाली, “देव रागावेल का गं?”

मी तिच्याकडे पाहिलं. रविवारी चर्चमध्ये गाताना तिचा चेहरा उजळतो, अगदी तसाच आताही उजळला होता. गाणं कुठल्या दारातून आत आलं, याची चौकशी करत बसण्याइतका देव कोत्या मनाचा असेल, असं मला तरी वाटेना. उलट वाटलं, इतकी वर्षं तोही या कडव्याची वाट पाहत असेल!

घरी आल्यावर जेवणाआधी आईनं डोळे मिटले. तिची प्रार्थना एरवी लांबलचक असते. आजारी माणसं, नातवंडं, सगळ्यांची नावं ती घेते. काल मात्र ती एवढंच म्हणाली, “प्रभो, आज फार मजा आली. आमेन.”