पोचा वाचणारे मेस्त्री

मेस्त्रींनी दाराच्या दुसऱ्या बिजागरीची पिन ठोकून बाहेर काढली, तेव्हा आतून माझ्या सुनेचा आवाज यायचा बंद झाला होता. माझ्या मुलाचा येत होता. "जातीस? जातीस?" एवढंच तो म्हणत होता आणि प्रत्येक शब्दामागून एक दणका ऐकू येत होता. दाराला आतून कडी होती. मी दारावर दोन्ही हात आपटत होते. मेस्त्री म्हणाले, "वैनी, बाजूला सरा. दार हलवू नगासा, पिन आवळती." वीतभर मोटारीला दार बसवताना ते ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात बोलले. खालची तिसरी पिन अजून राहिली होती.

हे मेस्त्री आमच्या शेजारच्या खोलीत एकोणीस वर्षं राहिले. कोल्हापुरात गॅरेजात त्यांनी जन्मभर पोचे काढले. ठोकलेली, चेपलेली गाडी आणायची आणि पत्रा सरळ करून द्यायचा, हा धंदा. डोळे अधू झाल्यावर काम सुटलं आणि बायकोही गेली. मग ते घरी बसून लहान मोटारी करू लागले. तेलाच्या डब्याचा पत्रा, स्लिपरच्या रबराचे टायर, गोळ्यांच्या पाकिटाच्या प्लास्टिकच्या काचा. जीप, टेम्पो, लाल एसटी, उसाचा ट्रक, सगळं हुबेहूब. मी म्हणायचे, "डोळं अधू म्हणून काम सोडलं आणि ह्याला बरं दिसतंय?" ते म्हणायचे, "हे बोटानं दिसतंय."

त्यांचं माप ठरलेलं होतं. खरे दोन फूट म्हणजे त्यांचा एक इंच. गाडी असो नाहीतर माणूस, त्यांच्या डोक्यात हेच माप. मी त्यांच्या हिशेबात सव्वादोन इंचाची. माझी सून सविता अडीच इंचाची. माझा मुलगा दिलीप तीन इंचाला जरा कमी. नवीन माणूस दारात आला की ते एक डोळा मिटून बघायचे, आणि मला कळायचं की त्याला आता कुठल्या तरी जीपमध्ये बसवून बघतायत.

मोडकी खेळणी, जुन्या नमुन्याच्या गाड्या दुरुस्त करून घ्यायला लोक लांबून यायचे. गडहिंग्लजचे एक जैन व्यापारी आले होते. त्यांच्या वडिलांनी बाळगलेली पत्र्याची मोटार, टप चेपलेला. म्हणाले, कपाटावरून पडली. मेस्त्रींनी टपावरून अंगठा फिरवला.

"पावणं, पडल्याली गाडी कोपऱ्यावर पडती. ही मधी चेपल्या. टाच हाय ही."

मी चहा देत होते. व्यापाऱ्यांनी कप हातात घेतला. मग ते हळूच म्हणाले, "भावाची आणि माझी वाटणी चालली होती. रागात पाय दिला."

"मग तसं सांगा की. गाडीला काय लाज न्हाय. पोचा काढू का ठेवू?"

व्यापाऱ्यांनी विचार करून पोचा काढायला सांगितला. मेस्त्रींनी काढला, पण ते गेल्यावर मला म्हणाले, "वैनी, पोचा कधी खोटं बोलत न्हाय. मार कुठनं आला, किती जोरानं आला, हातानं का पायानं, सगळं लिवलेलं असतंय."

मी चौथी शिकलेली. हे वाचणं काही मला येत नव्हतं. येत नव्हतं म्हणण्यापेक्षा मला ते नको होतं.

कारण त्याच आठवड्यात सविता गाल सुजवून पाण्याला आली आणि मी मेस्त्रींना सांगितलं, मोरीत पडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पडल्यालं माणूस कोपरावर पडतंय, गुडघ्यावर पडतंय. गालावर चार बोटं घेऊन कोण पडत न्हाय." मी भांडं उचलून घरात आले. मला राग त्यांचा आला, दिलीपचा नाही. मी नवऱ्याचा मार तीस वर्षं खाल्ला होता. मला वाटायचं, मी खाल्ला, ही पण खाईल. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

मेस्त्री मात्र दिलीपकडे गेले. दिलीप उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. मेस्त्री त्याला म्हणाले, "तीन इंचाचा गडी तू, अडीच इंचाच्या बाईवर हात टाकतोस?" दिलीपने ट्रकातली टॉमी आणली, जॅक फिरवायची हातभर लोखंडी सळी, आणि मेस्त्रींच्या खोलीत जाऊन सहा महिने खपून केलेली लाल एसटी तीन तडाख्यांत सपाट केली. मेस्त्री अडवायला गेले नाहीत. दिलीप गेल्यावर त्यांनी माझ्याकडून सूप मागून नेलं आणि तुकडे सुपात गोळा केले. पुन्हा सहा महिने लागले. एसटी उभी राहिली, पण टपावर एक पोचा तसाच होता.

"हा राहिला की," मी म्हणाले.

"राहू दे. साक्षीला."

त्यांच्या प्रत्येक गाडीची दारं उघडायची. दार उघडत नसेल तर ती गाडी नव्हे, डबा, असं म्हणायचे. आणि दाराची पिन ते कधी ठोकून पक्की करत नसत. पंच म्हणून त्यांची एक बारीक लोखंडी काडी होती, ती खालून लावून टिचकी मारली की पिन वर यायची आणि दार हातात. दिलीपने आतल्या खोलीला पत्र्याचं दार बसवून घेतलं, आतून जाड कडी पाहिजे म्हणाला, तेव्हा ते काम मेस्त्रींनीच केलं. आत पलंग असल्यामुळे दार बाहेर उघडणारं केलं. तीन बिजागऱ्या बाहेरून, प्रत्येकीच्या पिनेला तेल. दिलीप कडी ओढून बघत होता आणि खूश होता. मी विचारलं, "पिना ढिल्या वाटत्यात." ते म्हणाले, "दार हाय वैनी, भिंत न्हवं."

खंडेनवमीला मेस्त्री हत्याराला हात लावत नसत. सकाळी हातोड्या, कात्र्या, पंच, सगळं पाटावर मांडायचं, पूजा करायची आणि दसरा होईपर्यंत हत्याराला सुट्टी. एकदा गल्लीतल्या एकाचं कुलूप अडकलं. घर बंद, तो बाहेर. मेस्त्री म्हणाले, "आज हत्याराला सुट्टी. खिडकीतनं जावा." तो माणूस जाड. अर्धा आत, अर्धा बाहेर असा पाव तास होता. मेस्त्री खाली उभे राहून म्हणाले, "दोन इंच आत घ्या, मग उतार हाय." पण हातोडी उचलली नाही.

गेल्या खंडेनवमीला त्यांच्या पाटाची पूजा सवितानेच केली. आमच्या घरात दिलीपच्या हत्यारांची पण तिनेच केली. पान्यांना, टॉमीला, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मग आतल्या खोलीत जाऊन माहेरी जायची पिशवी भरली. दिलीप सकाळपासून पिऊन होता. पिशवी भरली आहे हे त्याला मी सांगितलं. मला वाटलं, तो तिला अडवेल, थोडं ओरडेल, सणाला सून घरात राहील. त्याने पाटावरची टॉमी उचलली आणि आत जाऊन कडी घातली.

मी ओरडले तेव्हा मेस्त्री पूजेच्या पाटाजवळून उठून आले. हातात हातोडी आणि पंच. पंचाला लावलेलं कुंकू ओलं होतं, ते त्यांच्या बोटांना लागलेलं मी पाहिलं.

तिसरी पिन निघाली. त्यांनी पंच आणि हातोडी खाली टाकली आणि बिजागरीच्या बाजूने दार ओढलं. पत्र्याचं दार चौकटीतून कडीसकट सुटलं. सविता पलंगाखाली अर्धी आणि बाहेर अर्धी, तोंडाचं काही कळत नव्हतं. दिलीपने टॉमी पुन्हा वर घेतली. मेस्त्रींजवळ त्याला मारायला काही नव्हतं आणि मारायची त्यांची तयारी पण नव्हती. ते दारच घेऊन आत शिरले, ते सवितावर आडवं घातलं आणि स्वतः दारावर पालथे पडले.

मी मोजत नव्हते. पण पत्र्याचा आवाज आणि माणसाचा आवाज वेगळा येतो, ते मला तिथे कळलं. मी बाहेरचा वाटणाचा दगडी पाटा उचलून आणून दिलीपच्या पायावर घातला. तो बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. गल्ली जमली तेव्हा तो माझा पदर धरून म्हणाला, "आये, दार निखळून अंगावर पडलं म्हणून सांग. दोघांच्या बी. आये, सांग की."

फौजदार आले. दार अंगणात भिंतीला टेकून ठेवलं होतं. त्यांनी मला विचारलं, "आजी, मुलगा म्हणतो दार पडलं. खरं काय?" माझ्या तोंडात 'पडलं' हा शब्द तयार होता. तीस वर्षं स्वतःसाठी, चार वर्षं सवितासाठी तोच वापरत आले होते.

मी दाराजवळ गेले आणि अंगठा फिरवला.

म्हटलं, "साहेब, पडलेलं दार कोपऱ्यावर चेपतं. ह्याचे चारी कोपरे नीट आहेत. हे पाच पोचे मधे आहेत, लांबट आहेत, वरून खाली आले आहेत. टॉमीचे आहेत. सहावा इथे नाही. तो मेस्त्रींच्या कानामागे आहे. माझ्या मुलाने मारला. मी बघितलं."

कोर्टातही तेवढंच सांगितलं. दिलीपने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं.

मेस्त्री दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारले. शुद्धीवर आले नाहीत. त्यांच्या खोलीत एक पांढरी मोटार अर्धवट होती, दारं अजून बसवायची होती. ती तशीच आहे. एसटी सविताकडे आहे, टपावरच्या पोच्यासकट. तिचा जबडा तारेने बांधला होता, आता तिला भाकरी चावता येते. बोलताना एक बाजू ओढली जाते. सून सासूला म्हणते तसं, मला ती अजून आत्याच म्हणते. मी तिला तसं म्हणायला सांगितलेलं नाही.

त्या खोलीत त्या दिवशी आम्ही चौघं होतो. सविता जगली. दिलीप जगला. मी जगले.