‘इतर’वर खूण करणारा दादा

आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये ‘प्रोग्रामिंगची भाषा’ असा एक रकाना आहे. जावा, पायथन, सी प्लस प्लस आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. एकच निवडायची. दादाच्या अख्ख्या वर्गात ‘इतर’वर खूण करणारा तो एकटा, म्हणून त्याचं नावच ‘इतर’ पडलं. मी त्याच्या दोन वर्षं मागे, म्हणून मी ‘इतरदादा’ म्हणायचो.

त्याला जावा येत नव्हती असं नाही. पण जीव होता एर्लँगवर. टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मलेली ही भाषा. हजारो कामं एकाच वेळी चालतात. एक कोसळलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही आणि कोसळलेलं पुन्हा उभं राहतं. कासारवाडीला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. गच्चीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन तो चालता प्रोग्राम मुद्दाम पाडायचा आणि म्हणायचा, “घाबरू नको. पडू दे, उठतंय बघ.” आणि खरंच उठायचं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. जराशी चूक झाली की मी घाबरून सगळं पुसून टाकायचो. मला त्या वाक्याचा फार आधार वाटायचा.

एका मुलाखतीत त्याला सांगितलं, कोणत्याही भाषेत लिहा. त्यानं फळ्यावर एर्लँगमध्ये लिहिलं. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक साहेब म्हणाले, “बरोबर असेलही, पण आम्हाला तपासता येणार नाही.” घरी येऊन तो एवढंच म्हणत होता, “कोणत्याही म्हणाले होते ना?” मला राग येत होता. कोणाचा, ते सांगता येत नव्हतं.

त्याचे वडील मूळचे लातूरकडचे, चाकणला एका कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये. ते एक दिवस म्हणाले, “आरं, तुझी ती भाषा ह्या गावात बोलायलंय कोण? साहेबाकडं शब्द टाकलाय मी. आमच्याच स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसायचं. एक तारखेला चल.” दादानं तेवढीच मुदत मागून घेतली, कारण बंगळूरच्या एका कंपनीत त्याचे मुलाखतीचे राउंड चालू होते. एर्लँगच्याच कामासाठी.

तिन्ही राउंड झाले आणि मेल आला. नवीन मॅनेजर आले आहेत, यापुढे सगळं जावात करायचं ठरलं आहे, म्हणून ती जागा रद्द.

“मी पास झालो, भावा,” दादा म्हणाला. “भाषा नापास झाली.”

मी त्याचंच वाक्य त्याला दिलं, “पडू दे ना दादा, उठेल परत.”

त्यानं लॅपटॉप मिटला. “तो प्रोग्रामही आपोआप उठत नाही रे. उठवणारा वर कोणीतरी बसवलेला असतो.”

एक तारखेला तो कंपनीच्या बसमध्ये चढला. वडिलांनी त्याला खिडकीची जागा दिली आणि स्वतः उभे राहिले.

यंदा तो फॉर्म माझ्यापुढे आला. एर्लँग मला जावापेक्षा बरी येते. दादानं शिकवलीच तशी होती. पण घरी सगळ्यांचे डोळे माझ्या नोकरीकडे. दुपारभर फॉर्म उघडा ठेवला, शेवटी जावावर खूण केली आणि दादाला फोन लावला. मागे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “मी हेच सांगणार होतो.” मग विचारलं, “‘इतर’ आहे का रे अजून त्यात?”

“आहे दादा. शेवटी.”

“यंदा कोणी केली त्यावर खूण?”

माझ्यासमोरच्या फॉर्मवर ‘इतर’चा चौकोन कोरा होता. आमच्या वर्गात ती करू शकणारा मी एकटाच होतो.