वाल्मीकचं निजलेलं शेवाळ

पिंगळी स्टेशनापासून कोसभर आत आमचं गाव. तिथं वाल्मीकला वेडा कुणी म्हणत नाही. ‘त्याचं चालू हाय’ एवढंच म्हणतात. उसाच्या फडात कोयता चालवतानाही तो मनानं कुठंतरी लांब, गार हिरव्या पाण्याच्या काठी बसलेला असतो.

हे पाणी त्याला परभणीच्या शेतकी प्रदर्शनात भेटलं. गेला होता फुकटचा चहा प्यायला, आणि आला तो कागदाच्या पुडीत शेवाळाच्या वाळक्या पापड्या घेऊन. भाताच्या खाचरात सोडल्या की हवेतलं खत ओढून पिकाला देतात, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. आमच्याकडं भात फक्त ताटात असतो, तोही पंगत असली तर. पण वाल्मीकनं पुढचंही ऐकलं होतं. शेवाळाचा चारा होतो, ताकदीच्या गोळ्या होतात, घाण पाणी निवळतं, तेल निघतं आणि त्यावर उद्या गाड्यासुद्धा पळतील. आपल्या श्वासातली बरीचशी हवा समुद्रातलं शेवाळच करून पाठवतं, हे कळल्यावर तर तो काही दिवस स्वतःच्या नाकाला मोठ्या आदरानं वागवत होता.

त्यानं अंगणात विटांचा चौकोन मांडला, प्लास्टिकचा कागद अंथरला, माती-पाणी घालून पापड्या चुरल्या. बघता बघता पाण्यावर हिरवी साय धरली. संध्याकाळी तो काठाशी बसायचा. पाण्यात आभाळ उतरायचं, लांबून पूर्णेकडं जाणारी गाडी शिट्टी मारायची, आणि त्या गाडीत वाल्मीकला शेवाळाच्या गोण्या दिसायच्या. थेट तेलंगणातल्या भातापर्यंत.

“पुढल्या साली ऊस तोडायला जायचं न्हाई,” तो बायकोला म्हणाला. “घरी बसून हेच इकू.”

“आधी डास तेवढे इका,” वच्छलाबाई म्हणाली.

दसरा झाला, टोळीचा ट्रक आला. जाण्याआधी वाल्मीकनं चौकोनातलं पाणी आटू दिलं. वाळलं तरी शेवाळ मरत नाही, निजतं, पाणी मिळालं की उठतं, हे साहेबांचं बोलणं त्याला पाठ होतं. भावजय कमलबाईला त्यानं बजावलं, वैनी, याला हात लावू नका. मग सारा हंगाम तो फडावरच्या पाचटाच्या कोपीत पडून घरच्या शेवाळाची स्वप्नं पाहत होता. इकडं हा निजलेला, तिकडं ते. घोरणारा तेवढा एकच.

उन्हाळ्यात परतले तर अंगणात चौकोन नव्हता. प्लास्टिकचा कागद धुऊन लख्ख, आणि त्यावर कमलबाईच्या कुरडया वाळत होत्या. तिचं म्हणणं, तिनं हात लावलाच नाही, खराट्यानं काढलं. दिराची घाण काढल्याबद्दल कुणी चांगलं म्हणेल म्हणून ती थांबलीही होती.

वाल्मीक कुरडयांशेजारी बसून राहिला. पुन्हा ट्रक, पुन्हा कोपी, सगळं त्याला त्या पांढऱ्या वेटोळ्यांत दिसत होतं.

वच्छलाबाई गाठोडं सोडत होती. तिनं आपली मिसरीची डबी काढून त्याच्यापुढं ठेवली. आत हिरवट काळा चुरा.

“दाताला लावू नका,” ती म्हणाली. “शेजारच्या कोपीतल्या बबितानं लावली. दिसभर हिरवी हसायली.”

वाल्मीकनं डबी हुंगली. कधी घेतलंस, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“निघायच्या दिशी. समदं इरजण एकाच गाडग्यात ठेवतंय का कुणी? मांजर तोंड घालतंच की.”

मांजर कोण, हे कमलबाईला बरोबर कळलं. ती मुकाट्यानं कुरडया उचलून कागद मोकळा करायला लागली.

वच्छलाबाईनं परातीत तांब्याभर पाणी ओतलं, वाल्मीकनं चुरा सोडला. चुरा तळाशी बसला. लगेच काही होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी दोघं बाजेवर बसून परातीत पाहत राहिले. ऊन कललं. लांब गाडीनं शिट्टी मारली.

“अवो,” वच्छलाबाई हळूच म्हणाली, “गोण्या शिवायला सुतळी लय लागंल की.”